आट्यांचा दगड

१० ऑक्टोबर

माननीय तपासणी अधिकारी,
दगड व जीवाश्म विभाग, वस्तुसंग्रहालय यांस,

सप्रेम नमस्कार वगैरे काही नाही.

आपला छापील कागद काल मिळाला. नमुना क्रमांक ४१८. 'चुनखडीचा तुकडा, मुठीएवढा. छिद्र मानवनिर्मित, बहुधा खाणीतील ड्रिलची खूण. जीवाश्म नाही. नमुना परत पाठवीत आहोत.' खाली सही. सहीच्या शेवटच्या अक्षराला जी लांब शेपटी आहे ती मी ओळखते, कारण तुझ्या चौथीच्या वह्यांना कव्हरं मी घातली होती आणि त्या प्रत्येक कव्हरावर तू ती शेपटी ओढून ठेवली होतीस.

तर खड्या, नमुना क्रमांक ४१८ हा तुझ्या बापाने पाठवलेला दगड आहे.

खिसे भरून खडे घरी आणायचास म्हणून तुला खड्या म्हणायला लागले ते बाबाच. आता तू मोठा साहेब झालास, लोक चार गावांवरून तुला दगड पाठवतात आणि तू त्यांना सांगतोस कुठला जिवंत होता आणि कुठला नव्हता. छान आहे. मला आनंदच आहे. पण आठ वर्षांनी बापाने काहीतरी पाठवावं आणि त्यावर मुलाने क्रमांक टाकून परत करावं, याला काय म्हणायचं ते तुमच्या खात्यात एखादा शब्द असेल तर कळव.

तो कागद मीच वाचून दाखवला. बाबांना आता मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ते दाराकडे बघतात. खाणीच्या धुळीने फुप्फुसं खाल्ली आहेत, त्यामुळे खुर्ची खिडकीपाशी ओढून दिवसभर तिथेच असतात. कागद ऐकून म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग मांडीवरच्या दगडाला म्हणाले, "तीस वर्षं भोकं पाडली मी. माझं भोक मला ओळखता येत नाही होय?" आणि हसले. हसल्यावर दहा मिनिटं खोकला थांबला नाही. खोकला थांबल्यावर आणखी एक वाक्य बोलले, ते मी तुला लिहिणार नाही.

ज्या माणसाने तुला ड्रिल म्हणजे काय ते दाखवलं, त्याला तू छापील कागदावर ड्रिल शिकवलास. शाब्बास.

ताई


१९ ऑक्टोबर

खड्या,

उत्तर नाही. अर्थात. मोठ्या माणसांना वेळ कुठला. मग मीच सांगते, म्हणजे निदान तुझ्या फायलीत 'सापडल्याची हकिकत' हा रकाना तरी भरेल.

सप्टेंबरच्या पंधरा तारखेला आम्ही चौघं डबे घेऊन जुन्या खाणीवर गेलो. दचकू नकोस. खाण बंद होऊन चार वर्षं झाली, तळाशी पाणी साठलंय, काठाला बाकडी टाकलीत आणि रविवारी लोक सतरंज्या घेऊन येतात. बाबांनीच हट्ट धरला. तुझ्या भावोजींनी त्यांना गाडीतून उतरवून बाकड्यापर्यंत नेलं, त्याला अर्धा तास लागला. आमची भिंगरी, जिला तू एक वर्षाची असताना पाहिलंस, आता नऊची आहे आणि एका जागी बसणं तिला ठाऊक नाही. ती भिंतीखालच्या दगडांत हिंडत होती. थोड्या वेळाने आली ती उजव्या हाताच्या बोटात दगड घालून. अंगठी घालतात तसा नव्हे, बोट आत आणि दगड बाहेर.

बोट निघेना. भावोजी ओढायला गेले तर ती किंचाळली. मी डब्यातलं लोणी बोटाच्या कडेने सोडलं, तरी ढिम्म. बाबा म्हणाले, "ओढताय काय? इकडे आण तिला." त्यांनी तिचा हात मांडीवर घेतला, दगड धरला आणि सावकाश फिरवला. डावीकडे, बाटलीचं झाकण उघडतो तसा. बोट सुटलं. मग त्यांनी आपली करंगळी त्या भोकात घातली आणि सावकाश आत फिरवत राहिले. चेहरा असा झाला की मला वाटलं दम लागतोय.

"आत आटे आहेत," ते म्हणाले. "स्क्रूला असतात तसे. खाली खाली निमुळते होत गेलेत."

भावोजी म्हणाले, "तुमच्याच ड्रिलचं असेल, बाबा."

त्यावर बाबांनी त्यांना जे ऐकवलं ते तुलाही ऐकवते. ड्रिलचं भोक तोंडाशी जेवढं तेवढंच तळाशी. ते निमुळतं होत नाही. ड्रिल ठोकत जातो, ठोकता ठोकता फिरतो, पण आटे पाडत नाही, आतली भिंत चेचून पिठूळ करतो. तळाला वाटीसारखा खळगा राहतो. या भोकाचा तळ सुईच्या टोकाएवढा आहे आणि भिंत गुळगुळीत. "हे कुणी पाडलेलं नाही," बाबा म्हणाले. "इथे कुणीतरी राहत होतं."

हे सगळं डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या माणसाने करंगळीने सांगितलं. तुझ्याकडे भिंग आहे, दिवा आहे, पदवी आहे. नाचता येईना म्हणावं तर अंगणही सरळच आहे.

मग म्हणाले, "खड्याला पाठवू. तो सांगेल नाव." घरी येईपर्यंत दगड त्यांनी हातातून सोडला नाही. पुढचे तीन आठवडे टपालाची वेळ झाली की खुर्ची खिडकीकडून दाराकडे वळवून घ्यायचे. कागद आल्यापासून वळवत नाहीत.

ताई


२ नोव्हेंबर

खड्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, जबाब. 'अर्जावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. फक्त एका दंतप्रयोगशाळेचा शिक्का होता. ती तुझी आहे हे मला कसं कळावं? महिन्याला दीडशे दगड येतात, त्यांतले निम्मे ड्रिलचेच असतात.'

हो, शिक्का मीच मारला. घरी पेन सापडेना म्हणून फॉर्म कामाच्या टेबलावर भरला. नावाच्या जागी शिक्का मारला तर काय आभाळ कोसळलं? आणि 'सापडल्याचं ठिकाण' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'बंद चुनखडीची खाण' असं लिहिलं होतं, पुढे तालुक्यासकट. त्या तालुक्यात खाणी किती? एक. ते तू वाचलंस, खड्या. वाचलंस म्हणूनच भोक ड्रिलचं ठरलं. त्या खाणीतून येणारं प्रत्येक भोक तुला बाबांनीच पाडलेलं दिसतं. आत बघायची गरजच वाटली नाही तुला.

तू पुढे विचारतोस, 'बाबांनी सोबत काही लिहून पाठवलं होतं का?' त्यांना दिसत नाही हे मी पहिल्याच पत्रात लिहिलंय. लिहिणार काय, कपाळ? दगड पाठवला तेवढं पुरे नव्हतं का?

आणि मग पानभर तीच जुनी गोष्ट. मला पाठ आहे. खाणीच्या भिंतीत शिंपल्यांचा थर निघाला होता. तू म्हणालास, दोन दिवस सुरुंग थांबवा, मला ते काढून घेऊ द्या. बाबा म्हणाले, वेळ ठरली आहे. ठरल्या वेळी सुरुंग उडाले. धूर बसून आत जायची मुभा देणारा सायरन व्हायच्या आधीच तू लाल झेंडा ओलांडून भिंतीकडे धावलास, बाबा तुझ्यामागे धावले आणि चाळीस माणसांसमोर त्यांनी तुझ्या कानाखाली जाळ काढला. चोवीस वर्षांच्या, शिकलेल्या मुलाच्या. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. 'चार शिंपल्यांसाठी त्यांनी माझी लाज काढली,' असं तू तेव्हा म्हणालास आणि आता तेच लिहितोस. आठ वर्षांत एक शब्द बदललेला नाही.

तुला एक माहीत नाही. तू गेल्यावर महिनाभर मी बाबांशी धड बोलले नाही. ताट वाढायचे आणि उठून जायचे. मला वाटलं चूक त्यांचीच. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मी सोळाची. तुझे केस मी विंचरले, तुझा ताप मी काढला, तेव्हा कुणी तुझ्यावर हात उचलला तर तो माझ्यावर उचलल्यासारखा होता. मग महिना संपला, बाबांचा खोकला सुरू झाला आणि रुसायला फुरसत उरली नाही. रुसायला लांब राहावं लागतं. ते तुला जमलं.

त्या थपडेबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं मात्र समजू नकोस. असो.

दगड पुन्हा पाठव, नीट बघतो, म्हणतोस. मुळीच पाठवणार नाही. तो कुणाचा होता ते आता मी शोधते.

ताई


११ नोव्हेंबर

खड्या,

बस आणि वाच. मध्ये उठू नकोस.

मी काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस. लोकांना वाटतं मी दात बनवते. दात नंतर. आधी माझ्याकडे पोकळ्या येतात. दंतवैद्य पेशंटच्या तोंडात मऊ मसाला दाबतो, तो घट्ट झाला की काढतो आणि मला पाठवतो. त्यात दात नसतो, दाताची जागा असते. मी त्या जागेत प्लास्टर ओतते आणि मग माणसाचं तोंड टेबलावर येतं. मी हे वीस वर्षं करते आहे. दिवसाला दहा-बारा तोंडं. आणि तरी तो दगड परत आल्यापासून महिनाभर घरात पडून होता आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. तुला शिव्या घालण्यात इतकी दंग होते की हाताखालचं दिसलं नाही. हे एवढं एकदाच कबूल करते, पुन्हा मागू नकोस.

तो दगड म्हणजे ठसा आहे. शंख कधीच विरघळून गेला, त्याची जागा राहिली. तू दगडात वस्तू शोधत होतास, वस्तू नव्हती, म्हणून तू 'नाही' लिहिलंस.

गुरुवारी काम लवकर आटोपलं. मऊ ब्रशने भोक धुतलं, साबणाचं पाणी फिरवलं, हवा मारून कोरडं केलं. मसाला वरून ओतला असता तर टोकाशी हवा अडकली असती, म्हणून बारीक नळीच्या पिचकारीने तळापासून भरत वर आणला. तरी पहिल्या वेळी बुडबुडा राहिलाच आणि टोक अर्धवट निघालं. फेकून दिलं. दुसऱ्या वेळी नळी आणखी बारीक घेतली. मसाला घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर मावणार नाही.

ओढून निघेना. मग बाबांनी भिंगरीचं बोट सोडवलं होतं तसंच केलं. डावीकडे फिरवत गेले. एक फेरा, दोन फेरे, आणि तो बाहेर आला.

नऊ वेढे आहेत. बोटाएवढा लांब, मनोऱ्यासारखा उंच, टोकाशी सुई. प्रत्येक वेढ्यावर कडेकडेने बारीक उभार रेषा, तोंडापासून टोकापर्यंत न तुटता गेलेल्या. त्या रेषांवर आडव्या आणखी बारीक रेषा, किंचित वाकलेल्या. वाढताना राहतात ना तशा, नखावर असतात तशा. तुझ्या ड्रिलला नखं असतात का रे?

तुझं जुनं पुस्तक माळ्यावरच्या पेटीत होतं, ते काढलं. दोन चित्रांपाशी अडले. दोन्ही उंच, दोन्ही मनोरे. एकाच्या वेढ्यांवर गाठी होत्या, दुसऱ्याच्या वेढ्यांवर नुसत्या रेषा. माझ्या शंखावर भिंग लावून नऊही वेढे तपासले, एकसुद्धा गाठ नाही. ठशात गाठ असती तर ओतीवात आलीच असती, मसाला खोटं बोलत नाही. म्हणून गाठींचा बाद. उरला दुसरा. नाव टरिटेला. समुद्रतळाच्या चिखलात स्वतःला पुरून घेऊन राहणारी गोगलगाय, असं तिथे लिहिलंय. आपल्या खाणीच्या जागी कधीकाळी समुद्र होता आणि त्यात ही राहत होती. म्हणजे बाबांचं करंगळीने केलेलं निदान शब्दाला शब्द बरोबर.

त्या चित्राच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने काय लिहिलंय ते तुला आठवतं का? मी ते भिंग लावून पुन्हा वाचलं. अक्षर तुझं, शेपटीसकट. 'बाबांच्या खाणीत असेल का?'

होती, गाढवा. तुला पाठवली तेव्हा तू परत केलीस.

ओतीव शंखाचा फोटो जोडते आहे. रेषा मोज.

ताई


२३ नोव्हेंबर

खड्या,

तुझं पाकीट काल आलं. 'चूक माझी. टरिटेला, शंका नाही. ठसा आहे हे मला दिसायला हवं होतं.' इतकं सरळ लिहिशील असं वाटलं नव्हतं. मी भांडायला पदर खोचून बसले होते आणि तू आखाड्यातच उतरला नाहीस. याचाही राग आला, खरं सांगते.

सोबत नवा छापील कागद आहे. क्रमांक तोच, ४१८. 'जीवाश्म: होय.' आणि 'शोधणाऱ्याचं नाव' ही जागा तू मोकळी सोडलीस. खाली पेन्सिलीने, 'ताई, हे तू भर. आणि खरं सांग, बाबांनी काही लिहिलं होतं का?'

दुसऱ्यांदा विचारतोस. तू लहानपणी पण असाच होतास, बरणी कुणी फोडली ते दोनदा विचारायचास आणि दुसऱ्यांदा मला खोटं बोलता यायचं नाही.

लिहिलं होतं.

सोळा सप्टेंबरला, दगड आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून बाबांनी मला पत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. दीड पान. खाली त्यांनी स्वतः सही केली, ती वाकडी होऊन कागदाच्या कडेला गेली. पत्र आणि दगड एकाच पाकिटात घालून पाठव, म्हणाले. मी दगड पाठवला. पत्र माझ्या कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात, दातांच्या रंगांच्या पट्ट्यांखाली ठेवलं. फॉर्मवर नावाच्या जागी शिक्का मारला तो पेन नव्हतं म्हणून नव्हे. पेन हातातच होतं. बघू या म्हटलं, बाबांचं नाव नसताना साहेब कसे वागतात. तू एखाद्या परक्या माणसाला लिहावं तसं लिहिलंस, कारण मी तुझ्यापुढे परकं माणूसच ठेवलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. दीड महिना मारते आहे.

का केलं ते सांगते. तुझी क्षमा मागायची म्हणून नव्हे, मला ते कुठेतरी ओकायचं आहे म्हणून. त्या दीड पानात माझ्याबद्दल एक ओळ आहे, 'ताईचं ठीक चाललं आहे.' आठ वर्षं मी त्यांची औषधं मोजते, पाठ चोळते, जिन्यावरून धरून उतरवते. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द सांगितला नाही. महिनाभर मी अबोला धरला तेव्हासुद्धा नाही. आणि तुला सांगायचं ठरलं तेव्हा मला लेखनिक केलं. समोर बसवून माझ्याच हाताने लिहवून घेतलं, जसं काही मी नव्हतेच तिथे. लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं आणि त्यांना ते दिसलं नाही. त्यांना दिसत नाहीच म्हणा.

पत्र सोबत ठेवते आहे. अक्षर माझं आहे, शब्द त्यांचे. पण त्यातला एक भाग मी इथेच उतरवते, कारण तू आधी सही बघशील, मग कोपऱ्यात बसशील आणि मग वाचशील, मला ठाऊक आहे.

'त्या दिवशी आम्ही सुरुंगाची बारा भोकं भरली होती. मी नेहमीसारखे आवाज मोजले. अकरा झाले. बारावा झाला नाही. तेवढ्यात तू झेंड्याच्या आत पळताना दिसलास. कुठलं भोक उडायचं राहिलंय ते मला माहीत नव्हतं. ओरडलो, पण तुझे कान बधिरले असतील. मी धावत आलो तेव्हा तू भिंतीपाशी उभा राहून वर बघत होतास. मला बोलता आलं नाही, म्हणून हात उठला. शिंपल्यांसाठी मी तुला मारलं नाही. ते शिंपले मलाही आवडायचे.'

आता कळलं? तू आठ वर्षं चार शिंपल्यांचं दुःख करतो आहेस आणि तो माणूस आठ वर्षं एक आवाज मोजतो आहे. तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी लिहिताना विचारलंसुद्धा. म्हणाले, "भोक भरणारा नवा होता. नाव बाहेर आलं असतं तर त्याचं काम गेलं असतं. आणि संध्याकाळी घरी आलो तर हा निघूनच गेला होता." तुम्हा बापलेकांना एका सतरंजीत गुंडाळून बडवावं असं मला तेव्हा वाटलं. तरी मी पत्र खणात ठेवलं. हे सगळं माहीत असून ठेवलं. बाबा गप्प राहिले ते दुसऱ्याचं काम वाचवायला. मी गप्प राहिले ते नुसत्या जळफळाटाने.

आणि आता ते वाक्य, जे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुझा कागद ऐकून, खोकून झाल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे अजून राग आहे त्याला. असू दे. उत्तर तर दिलं." त्यांना वाटलं तू त्यांचं पत्र वाचलंस. बारावं भोक, अकरा आवाज, सगळं वाचलंस आणि त्यावर उत्तर म्हणून लिहिलंस, ड्रिलची खूण. दीड महिना ते तेच धरून बसले होते आणि मी समोर बसून त्यांना औषध पाजत होते.

मागच्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेल्या. पाठीला नळी लावून ऐकलं, मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या की ही थंडी त्यांना जड जाईल. माणसं भेटायची असतील तर बोलावून घ्या. थंडी सुरू झाली आहे.

ओतीवावरून मी एक कडक शंख करून घेतला होता, दातांना वापरतो त्या मसाल्यातला, त्यामुळे रंग दातांचा आला आहे. परवा बाबांच्या हातात दिला. त्यांनी टोकापासून तोंडापर्यंत अंगठा फिरवला, वेढे मोजले, नऊ, आणि म्हणाले, "हा राहत होता होय आत. बरं घर होतं." भिंगरीने विचारलं, "आजोबा, मामाला कळवायचं?" तर म्हणाले, "त्याला कशाला त्रास. त्याने कळवलंय त्याचं." तिथे माझं अवसान संपलं. पण सांगितलं तेव्हा नाही. आज सकाळी सांगितलं, तुझा नवा कागद वाचून दाखवल्यावर. सगळं सांगितलं. खण, पट्ट्या, शिक्का.

ते दाराकडे बघत राहिले, म्हणजे माझ्याकडे. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

म्हटलं, "अडुसष्ट."

"जवळ ये," म्हणाले.

मी गेले. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, माझ्या केसांत पांढरे आहेत, आणि मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसायलाच हवी होती. मी गाल पुढे करून उभी राहिले. त्यांनी हात वर केला तो माझ्या डोक्यावर टेकायला. पण टेकलाच नाही, चुकून खांद्यावर पडला, मधलं दिसत नाही ना. तो तिथेच राहू दिला. दम जमवायला वेळ लागला. मग म्हणाले, "पेन घे. पत्रात एक गोष्ट राहिली आहे."

मला आशा वाटली की ती गोष्ट माझ्याबद्दल असेल. नव्हती. आता हसू येतंय, पण तेव्हा आलं नाही.

शोधणाऱ्याचं नाव मी भरलं आहे. बोट भिंगरीचं, ओळख बाबांची, साचा माझा. तुमच्या रकान्यात मावत नसेल तर रकाना मोठा करा. तुझ्या नावाला जागा नाही. हवी असेल तर ये आणि भांडून घे. मी भांडायला घरीच आहे, आठ वर्षं आहे.

आणि बाबांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहिते. अक्षर माझं, शब्द त्यांचे.

'खड्या, बारावं भोक मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता स्वतः निकामी केलं. सायरन झालेला आहे. आता आत यायला हरकत नाही.'

ताई